शिक्का आणि हिशेब : गोदावरी परुळेकरांचं पुस्तक पुन्हा वाचताना

'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांच्या उठावाची हकिकत त्यात आहे, एवढं सांगून आपण बहुतेक वेळा मोकळे होतो. आज आम्ही ते वेगळ्या कामासाठी उघडतो आहोत. दुसऱ्याला एक शब्द चिकटवायचा आणि पुढे त्या शब्दाशीच व्यवहार करायचा, ही जी आपली सवय, ती या पुस्तकाच्या उजेडात कशी दिसते?

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यासाठी शब्द तयारच असत. आळशी, दारुडा, चोर. त्यातला 'आळशी' घ्या. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं, ही लग्नगडीची पद्धत. शिवाय जमीनदाराची वेठ, ती बिनमजुरीची. ऐन पेरणीत आधी मालकाचं शेत, उरलेल्या दिवसांत स्वतःचं. अशा माणसाचा हात फुकटच्या कामावर सावकाश चालला तर नवल कसलं? पण 'आळशी' म्हटलं की हा हिशेब मांडावाच लागत नाही. उलट वेठ म्हणजे त्याला लावलेली शिस्त ठरते!

बाईंच्या लिखाणाचं बळ इथे आहे. वारली आळशी नाही हो, गुणी आहे, अशी वकिली त्या करत बसत नाहीत. (त्या स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या, हे जाता जाता.) कोणाला, कोणाकडे, कशापायी राबावं लागलं ते त्या मांडतात. तेवढ्यानं शब्द गळून पडतो.

आमची तक्रार आहे ती पुस्तकाच्या नावाबद्दल. 'जागा होतो' म्हणजे आधी झोपलेला होता. खरंच? मे १९४५ मध्ये झरीच्या सभेत वेठ आणि लग्नगडी बंद करायचं ठरलं आणि लोकांनी ते पाळलं. झोपलेली माणसं एका सभेनं अशी उठत नाहीत. ती जागीच होती, भ्यालेली होती. 'जागृती' हा शहरी कार्यकर्त्याचा आवडता शब्द. मायेचा आहे, पण शिक्काच. पुस्तकातले प्रसंगच त्याला खोटं पाडतात, ही या लेखिकेची प्रामाणिकता म्हणायची. सावकार मात्र बहुतेक एकाच रंगात येतात. ते आम्हाला फारसं खटकत नाही. सावकाराला दुष्ट म्हटल्यानं त्याची जमीन जात नाही, वारल्याला आळशी म्हटल्यानं त्याची मजुरी जाते.

आता १० ऑक्टोबर १९४५, तलवाडा. बाईंवर हल्ला होणार अशी वदंता उठली आणि हजारो वारली जमले. पोलिसांना त्यात दंगेखोर दिसले. गोळीबारात पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड. बाईला वाचवायला आलेला माणूस सरकारच्या लेखी दंगेखोर.

वदंतेवर जमाव जमला, हे मुद्दाम सांगितलं. पंचाहत्तर वर्षांनी याच भागात पुन्हा जमाव जमला, आणि या वेळी शिक्का जमावाच्या हातात होता. टाळेबंदीत मुलं पळवणारे, चोर फिरतायत अशा अफवा होत्या. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे, कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांदेखत ठार मारलं गेलं. 'चोर' हा शब्द पुरला. या खुनांना सबब नाही, गरिबीचीही नाही.

चित्रफीत पसरली आणि शिक्के उलट दिशेनं सुटले. कोणी धर्माचा शोध लावला. गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली. मग अख्खी जंगलपट्टीच खुनी ठरली. मुंबईत बसून पाड्यांबद्दल बोलणाऱ्यांतल्या कितीजणांना पाडा म्हणजे काय ते माहीत होतं, देव जाणे.

तिथेही बाईंसारखा हिशेब मांडायला हवा. अफवा कुठून आल्या, कोणाच्या फोनवरून फिरल्या, गावांनी रात्रीचा पहारा का धरला, गाडी सीमेवरून परत का फिरली. तलासरीच्या महाविद्यालयाला परुळेकरांचं नाव आहे. तिथल्या मुलामुलींनी पाड्यापाड्यांवर जाऊन, त्यांच्याच बोलीत विचारून हे लिहून काढावं, असं आम्हाला वाटतं. चला, आता प्रश्न घेऊ.