आरंभ आणि निर्मिती

स्टीफन हॉकिंग यांच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ (१९८८) या ग्रंथाने विश्वशास्त्र घरोघरी नेले, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. मात्र त्यातील एक प्रसंग आम्हांस खटकतो. महास्फोटाच्या क्षणाचाच शोध घेऊ नका, असे पोपमहोदयांनी १९८१ साली व्हॅटिकनमध्ये शास्त्रज्ञांना सांगितले, असे हॉकिंग लिहितात. पोप जॉन पॉल दुसरे यांचे ते भाषण प्रसिद्ध आहे. त्यात अशी मनाई नाही. आरंभाचा प्रश्न एकटे विज्ञान सोडवू शकत नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. मर्यादा दाखविणे म्हणजे दार बंद करणे नव्हे.

विश्वाला आरंभच नसेल तर निर्मात्याला स्थान कोठे, असा हॉकिंग यांचा सवाल आहे. परंतु विश्व अनादि असते तरी ते परमेश्वराच्याच आधारे अस्तित्वात राहिले असते, हे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच प्रतिपादिले होते. आरंभ वेगळा, निर्मिती वेगळी.

हा भेद आपणही विसरतो. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी नव्या विश्वशास्त्रात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा त्या सिद्धान्ताचे जनक, बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज लमेत्र, अस्वस्थ झाले. श्रद्धेला दुर्बिणीचा टेकू देणाऱ्या आम्हां प्रवचनकारांनी त्यांची ती अस्वस्थता ध्यानी ठेवावी.