डोळ्यांची गोष्ट : ‘द थीफ ऑफ बगदाद’ची घरगुती आवृत्ती

सेमिनरीत असताना, १९९० च्या सुमारास, आमच्या करमणुकीच्या दालनात शनिवारी रात्री व्हिडिओवर एखादा चित्रपट दाखवला जाई. ‘द थीफ ऑफ बगदाद’ मी प्रथम तेथे पाहिला. चित्रफीत अनेक हातांतून फिरून आलेली होती. आकाश करडे दिसत होते, राजवाडे गढूळ गुलाबी, आणि अधूनमधून पडद्यावरून आडवे पट्टे धावत. उडत्या गालिच्याभोवती निळसर कड दिसली तेव्हा आम्ही भावी धर्मगुरू मोठ्याने हसलो. मीही हसलो, आणि चित्रपट विसरून गेलो.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या टोरांटोस्थित भाच्याने या चित्रपटाचा डीव्हीडी संच आणून दिला. अमेरिकेतील क्रायटेरियन या संस्थेने २००८ साली काढलेला हा दोन तबकड्यांचा संच आहे. पहिले दृश्य सुरू झाले मात्र, मी खुर्ची पुढे ओढली. बसऱ्याच्या बंदरात एक लालभडक गलबत शिरते आणि त्याच्या नाळेवर रंगवलेला प्रचंड डोळा आपल्याकडे रोखून पाहत पडदा व्यापून टाकतो. जुन्या चित्रफितीत हा डोळा मला दिसलाच नव्हता. आणि सारा चित्रपट तर डोळ्यांविषयीचाच आहे, असे आता माझे मत झाले आहे.

आधी थोडा इतिहास सांगणे अगत्याचे आहे. अलेक्झांडर कोर्डा या हंगेरीत जन्मलेल्या निर्मात्याने १९३९ साली इंग्लंडमध्ये डेनम येथील आपल्या स्टुडिओत हा चित्रपट सुरू केला. त्याच नावाचा डग्लस फेअरबँक्सचा मूकपट १९२४ मध्ये येऊन गेला होता. परंतु कोर्डाने नाव आणि काही कल्पना घेऊन गोष्ट नव्याने रचली. लुडविग बर्गर, मायकेल पॉवेल व टिम व्हेलन अशी तीन नावे दिग्दर्शक म्हणून पडद्यावर येतात. नाव न घेता हात लावणारे आणखी तिघे होते, त्यांत स्वतः कोर्डा, त्याचा भाऊ झोल्टन आणि विल्यम कॅमेरॉन मेंझीस. मध्येच दुसरे महायुद्ध सुरू झाले. कोर्डाने काम थांबवून ‘द लायन हॅज विंग्ज’ हा युद्धप्रचाराचा चित्रपट घाईने पुरा केला आणि बगदादचे उरलेले चित्रण अमेरिकेत नेले. टेम्सच्या मुलखात सुरू झालेली अरबी कथा कोलोरॅडो नदीच्या ‘ग्रँड कॅन्यन’मध्ये जाऊन पोहोचली! सहा जणांच्या हातचे जेवण बिघडायचेच, असे आपण म्हणू. पण ही पंगत आश्चर्यकारकरीत्या जमून गेली. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि विशेष परिणाम अशी तीन ऑस्कर पारितोषिके या चित्रपटाला मिळाली. मिक्लोश रोझा यांचे संगीत तर इतके आर्जवी आहे की ते नसते तर निम्मी जादू ओसरली असती.

कथा थोडक्यात अशी. बगदादचा तरुण राजा अहमद याला त्याचा वजीर जाफर दगा देऊन तुरुंगात टाकतो. तेथे अबू नावाचा भुरटा चोर त्याला भेटतो. किल्ली लांबवून दोघे पळतात व बसऱ्यास येतात. तेथील राजकन्येकडे कोणी पाहू नये, पाहील तो मरेल, असा हुकूम असतो. तिची मिरवणूक निघते तेव्हा रस्ते ओस पडतात. अहमद तिला पाहतो, आणि त्या पाहण्याची किंमत पुढे डोळ्यांनीच मोजतो; जाफर मंत्राने त्याला आंधळा करतो आणि अबूचा कुत्रा बनवतो. डोळ्यांची ही साखळी पाहा. न पाहण्याचा हुकूम, चोरून पाहणे, तळ्यातल्या प्रतिबिंबात पहिली भेट, अंधत्व, आणि शेवटी पर्वतावरील मंदिरात मूर्तीच्या कपाळी जडवलेला, सारे जग दाखवणारा सर्वदर्शी डोळा. हा योगायोग असणे मला शक्य वाटत नाही.

जाफरच्या भूमिकेत कॉनराड फाइट हा जर्मन नट आहे. १९२० च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’मध्ये त्यानेच दुसऱ्याच्या संमोहनाखाली झोपेत चालणाऱ्या दुर्दैवी माणसाचे काम केले होते, येथे तो स्वतः संमोहन करणारा झाला आहे. त्याची पत्नी ज्यू होती आणि हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्याने जर्मनी सोडली. हे ठाऊक असले म्हणजे राज्य बळकावणाऱ्या जाफरचे डोळे पडद्यावर मोठे होत जातात तेव्हा अंगावर काटा येतो. तबकडीवरील स्वच्छ प्रतिमेत त्या डोळ्यांची निळाई दिसते, पापणीचे न हलणे दिसते.

परंतु माझ्या मते चित्रपटाचा गाभा त्या डोळ्यांच्या पराभवात आहे. राजकन्या जहाजावर जाफरच्या ताब्यात असते. एक नजर टाकून तो तिची इच्छा हिरावून घेऊ शकतो. तो तसे करू लागतो आणि मध्येच थांबतो. कारण त्याला तिचे प्रेम हवे आहे, आणि जबरदस्तीने घेतलेले प्रेम हे प्रेमच नव्हे, हे या दुष्टालाही कळते. सेमिनरीत स्वतंत्र इच्छाशक्तीवर आम्ही जाडजूड ग्रंथ अभ्यासले. परमेश्वर आपल्यावर प्रेमाची सक्ती का करीत नाही, याचे उत्तर मुलांना देताना मला आता हे एक मिनिटाचे दृश्य अधिक उपयोगी पडते. पुढे जाफरचा धीर सुटतो. निळ्या गुलाबाचा वास देऊन तो तिची स्मृतीच पुसून टाकतो. म्हणजे इच्छा जिंकता येईना म्हणून आठवणीवर घाला! फाइटने हा उतार फार बारकाईने दाखवला आहे. खलनायकाची कीव यावी इतका.

उन्हाळी शिबिरात मी हा चित्रपट मुलांना दाखवला, तेव्हा चौथीतील एका मुलीने विचारले, “फादर, चोर हा हिरो कसा? सातवी आज्ञा?” प्रश्न रास्त होता. काही पालकांच्या चेहऱ्यावरही तो होता. अबू खरोखरच चोर आहे. किल्ली चोरतो, खाणे चोरतो, देवळातील रत्न चोरतो, आणि शेवटी दंतकथांच्या प्रदेशातील वृद्ध राजाने हात लावू नको म्हणून बजावलेला उडता गालिचाही नेतो. त्या वेळी मात्र आधी अल्लाची क्षमा मागतो. चोरीचे समर्थन मी करणार नाही. पण अबूच्या हाती आलेले काहीच त्याच्यापाशी उरत नाही, इकडे मी मुलांचे लक्ष वेधले. खाणे अहमदच्या मुखी जाते, गालिचा अहमदला वाचवायला उडतो. बाटलीतल्या जिनकडून तीन इच्छा मिळतात, त्यांतील पहिली हा उपाशी पोर आईच्या हातच्या सॉसेजेसवर खर्च करतो. मुले खदखदा हसली. बगदादमधल्या आईने सॉसेजेस कशाची केली असतील, हा विचार चित्रपटकर्त्यांना शिवलेला दिसत नाही! तिसरी इच्छा रागाच्या भरात वाया जाते. मित्राशी भांडून तू बगदादला जा, असे तो म्हणतो आणि मित्र खरेच नाहीसा होतो. रागात उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही, हे घराघरात घडणारे दुःख आहे, आणि तेथे एकही मूल हसले नाही.

आता माझे आक्षेप. ज्या चित्रपटाला डोळ्यांचे एवढे वेड, त्याला काही गोष्टी दिसल्याच नाहीत. अबू रत्न चोरतो ते मंदिर अनेक हातांच्या देवीचे आहे, आणि तिच्या पोटात महाकाय कोळी नि खाली ऑक्टोपस. बसऱ्याच्या सुलतानाला आलिंगन देऊन खंजीर खुपसणारी यांत्रिक रुपेरी बाहुलीही सहा हातांची आहे. अरबस्तान, इराण, हिंदुस्थान सारे एका कढईत परतून पूर्व नावाचा एक पदार्थ केलेला आहे. आपल्या शेजाऱ्याला जे पूज्य आहे त्याचे रूप भयाचे खेळणे म्हणून वापरणे मला खटकते. आपल्या क्रूसाचे असे कोणी केले तर आपण गप्प बसू का? शिबिरात मी हे दृश्य थांबवून मुलांशी बोललो. थांबवता येते, हा घरच्या तबकडीचा मोठाच फायदा.

जिनचे काम रेक्स इंग्रॅम या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाने केले आहे. याच नटाने १९३६ च्या ‘द ग्रीन पास्चर्स’मध्ये परमेश्वराची भूमिका केली होती. चार वर्षांनंतर तो बाटलीत कोंडलेला गुलाम झाला. तथापि इंग्रॅमचे ते गडगडाटी हास्य ऐका. तिन्ही इच्छा पुऱ्या होताच तो मुक्त होऊन आकाशात झेपावतो, तेव्हा पोराला एकटे सोडून जात असूनही आपले मन त्याच्यासोबत उडते.

आणि साबू. अबूचे काम करणारा हा मुलगा आपल्या म्हैसूरजवळच्या कारापूरचा, जन्म १९२४. बाप महाराजांच्या हत्तींचा माहूत. लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या चमूच्या नजरेत भरला आणि ‘एलिफंट बॉय’ (१९३७) मधून जगापुढे आला. या चित्रपटात सुंदर अहमद आणि राजकन्या काहीसे पुतळ्यासारखे वाटतात. पडद्यावर श्वास घेतो तो साबू. त्याच्या उघड्या खांद्यांत, चपळ पायांत, ओठ दाबून केलेल्या हसण्यात अभिनय शिकल्याची खूण नाही. पुढे तो अमेरिकेचा नागरिक झाला, महायुद्धात बॉम्बफेकी विमानाच्या शेपटाकडील तोफेवर बसला, शौर्यपदक मिळवले. युद्धानंतर पॉवेलच्याच ‘ब्लॅक नार्सिसस’मध्ये (१९४७), हिमालयातील अँग्लिकन धर्मभगिनींच्या त्या कथेत, तो दिसला, पण भूमिका उतरणीला लागल्या होत्या. मेहबूब खान यांनी ‘मदर इंडिया’तील बिरजूसाठी त्याचा विचार केला होता, ते जमले नाही. १९६३ च्या डिसेंबरात, वयाच्या ३९ व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. डिस्नेच्या ‘अलादिन’मधला (१९९२) जाफर, खेळण्यांत रमणारा सुलतान आणि चोरटा अबू आमच्या मुलांना तोंडपाठ आहेत, त्या अबूचे माकड झाले आहे. मूळचा अबू हाडामांसाचा, आपल्या दक्षिणेकडचा एक मुलगा होता, हे मुलांना सांगताना मला विशेष आनंद झाला.

तबकडीविषयी. चित्र स्वच्छ आहे, टेक्निकलरचे लाल आणि निळे रंग भरजरी आहेत. मार्टिन स्कोर्सेसी व फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी चित्रपटासोबत केलेले निवेदन ऐकावे. मोठे दिग्दर्शक बालपणीच्या आवडीविषयी किती निःसंकोच बोलतात! विशेष परिणामांवर एक माहितीपट आहे. लॉरेन्स बटलर यांनी निळ्या पडद्यापुढे नटांचे चित्रण करून त्या निळ्याच्या आधारे मुखवटा तयार केला आणि नटाला दुसऱ्या देखाव्यावर बसवले. आज दूरदर्शनवरील हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या निवेदिकेमागे नकाशा येतो तो याच युक्तीच्या वंशातला. आम्ही ज्या निळ्या कडेला हसलो होतो, ती या पहिल्या धडपडीची खूण होती. नव्या आवृत्तीत ती अधिकच स्पष्ट दिसते, आणि ती पुसून टाकली नाही याबद्दल मी संपादकांचा आभारी आहे. ‘द लायन हॅज विंग्ज’ही दुसऱ्या तबकडीवर आहे, तो मी कर्तव्यबुद्धीने पुरा पाहिला. वाचकांनी पाहिलाच पाहिजे असे नाही.

दोन व्यावहारिक सूचना. ही आवृत्ती उत्तर अमेरिकेसाठी काढलेली असल्यामुळे आपल्याकडील प्रत्येक यंत्रावर चालेलच असे नाही. आधी खात्री करावी. आणि चित्र जवळजवळ चौकोनी आहे. रुंद दूरचित्रवाणी संचावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, म्हणून घरातील उत्साही मंडळी ते ताणून भरतात. तसे करू नये. साबू ठेंगू आणि राजकन्या स्थूल दिसू लागते. सहासात वर्षांखालील मुलांनी कोळ्याचे आणि रुपेरी बाहुलीचे दृश्य आईबाबांच्या मांडीवर बसूनच पाहावे.

एक सोय मात्र मला अगदी उशिरा सापडली. या तबकडीवर संवाद वगळून नुसते संगीत व आवाज ऐकवणारी वेगळी ध्वनिपट्टी आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी गेल्याच्या गेल्या शतकात मराठीत आणल्या होत्या. आपणही प्रयत्न करावा म्हणून मी ती पट्टी लावली आणि आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंना ध्वनिक्षेपकापुढे बसवले. बाई आपल्या वाडीच्या बोलीत गोष्ट सांगत गेल्या. जाफर बोलू लागला की त्या आवाज घोगरा करीत. शेवटी राजा झालेला अहमद अबूला शाळेत घालून पुढे वजीर करण्याचे बेत जाहीर करतो आणि अबू गालिच्यावर बसून पळ काढतो, तेव्हा चाळीस वर्षे शिकवलेल्या बाई क्षणभर थांबल्या, म्हणाल्या, “गेला बघा, शाळा चुकवून!” आणि पाठीमागच्या बाकावरून कोणीतरी सॉसेजेसचा भाग पुन्हा लावण्याची मागणी केली.