सध्या काय ऐकताय?

मराठी मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाभोवती जे बोलणं होतं, ते आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. "छान झालं हो!", "अप्रतिम!", "अगदी डोळ्यांत पाणी आलं." मग विषय बटाटेवड्यावर जातो आणि तिथून पार्किंगवर. वड्यात मीठ कमी होतं हे सांगायला मात्र कुणीही कचरत नाही. म्हणजे मंडळी, मतं आपल्याकडे भरपूर आहेत आणि ती बारकाईने मांडताही येतात. फक्त गाण्याची पाळी आली की आपण एकदम सभ्य होतो!

या सभ्यतेवर उपाय म्हणून देरातल्या आमच्या छोट्या गटाने एक प्रथा पाडली आहे. अल रिग्गा भागातल्या कुणाच्या तरी घरी महिन्यातून एकदा आठ-दहा जण जमायचं आणि प्रत्येकाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, 'सध्या काय ऐकताय?' पूर्वी आम्ही शुक्रवारी बसायचो. जानेवारी २०२२ मध्ये इथली सुट्टी शनिवार-रविवारवर गेल्यापासून शनिवारी बसतो. गटात कुणी गवई नाही. अकाउंट्सवाले आहेत, एक शिक्षिका आहेत, एक काका सोन्याच्या व्यवहारात आहेत आणि माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले तर सगळीकडेच असतात. अट एकच. सुटं गाणं चालणार नाही, अख्खा अल्बम ऐकून यायचा आणि 'आवडलं' म्हटलं तर का, तेही सांगायचं.

ही अट मला सुचली ती अमेरिकेत एम.एस. करत असताना. तिथले माझे खोलीसोबती एकेका रॉक अल्बमवरून रात्र-रात्र भांडायचे. कुठलं गाणं आधी हवं होतं, कुठलं मुळात घ्यायलाच नको होतं, यावर दोन-दोन दिवस अबोला! तेव्हा गंमत वाटायची. पुढे लक्षात आलं, की ज्यावर भांडण होतं ते कुणीतरी नीट ऐकलेलं असतं.

आता अख्खा अल्बमच का? जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. आपलं भावगीत त्याच मापात बेतलं गेलं. मुखडा, दोन-तीन अंतरे आणि संपलं. पुढे लाँग प्ले रेकॉर्ड आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली आणि संगीतकाराला गाण्यांचा क्रम लावता येऊ लागला. क्रमाची ताकद आपल्याकडे त्याआधी रेडिओने दाखवली होती. १ एप्रिल १९५५ ला रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमा आणि सुधीर फडके दर आठवड्याला एक नवं गाणं देत होते. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे ५२ ऐवजी ५६ गाणी झाली. पुढच्या गाण्यासाठी आठवडाभर थांबणारा तो श्रोता नुसती गाणी ऐकत नव्हता, तो एका कथेबरोबर वर्षभर चालत होता.

कॅसेटच्या काळातही थोडंफार हेच होतं. आखातातून गावी जाताना टू-इन-वन नेणाऱ्या पिढीला आठवत असेल, नावडतं गाणं टाळायचं तर फॉरवर्डचं बटण दाबून अंदाजाने थांबावं लागायचं. त्यापेक्षा ऐकून घेणं सोपं! आणि तीनदा नाइलाजाने ऐकलेलं गाणं चौथ्यांदा आपणच गुणगुणायला लागायचो. आता फोन आपली आवड आपल्याआधी ओळखतो आणि नावडतं गाणं आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही. हे तंत्र घडवणाऱ्या व्यवसायावरच माझं पोट चालतं, त्यामुळे त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण त्यात काय हरवतं, ते आमच्या बैठकींमध्ये वारंवार समोर येतं.

'गारवा'चंच घ्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेला हा अल्बम आमच्या वयाच्या बहुतेकांना पाठ आहे. कविता सौमित्रची, म्हणजे किशोर कदमची. चाली आणि गायन मिलिंद इंगळेचं. गाण्याच्या आधी किशोर कदम स्वतःच्या आवाजात जे बोलतो, त्यावरून आमच्याकडे जुंपली. एका मित्राचं म्हणणं, "बोलणं काढलं तरी गाणी उभी राहतात, मग ते हवं कशाला?" त्याने फोनवर नुसती गाणी निवडून ठेवली होती. मला हे पटत नाही. सुटं ऐकलं तर शीर्षकगीत गोड आहे, एवढंच. पण त्याच्या आधीच्या शब्दांत जी उन्हाची तगमग आहे, ती भोगल्यावर पाऊस पडतो, तेव्हा त्या चालीतला सैलपणा अंगावर येतो. मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला त्यातला पाऊस जास्त कळत असेल. निम्मं वर्ष उन्हात काढणाऱ्या देराकराला त्यातलं ऊन अधिक कळतं! तरी मित्राचा दुसरा आक्षेप मला मान्य करावा लागतो. कीबोर्डचा तो आवाज आता जुना वाटतो आणि जवळजवळ सगळी गाणी एकाच संथ लयीत असल्याने उत्तरार्धात ती एकमेकांत मिसळून जातात. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत न भूतो असा पाऊस झाला, रस्त्यांचे तलाव झाले. त्यानंतरच्या बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, "पावसावरचे अल्बम पुरे. पंपाचा आवाज अजून कानातून जात नाही." हेही एक मतच!

सोन्याच्या व्यवहारातल्या काकांनी एकदा 'शिवकल्याण राजा' आणला. १९७४ साली, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, हृदयनाथ मंगेशकरांनी लतादीदींच्या आवाजात केलेला हा संग्रह आपण मंडळात शिवजयंतीला वाजवतो, पण त्यातली दोनच गाणी आणि तीही ढोल-ताशांच्या गजरात. सलग ऐकल्यावर काही वेगळंच दिसतं. त्यात शिवकालातले समर्थ रामदास आहेत, ब्रज भाषेतला कवी भूषण आहे, पुढे गोविंदाग्रज, सावरकर आणि कुसुमाग्रज आहेत. तीनशे वर्षांत प्रत्येक काळाने शिवाजीराजांकडे कसं पाहिलं, याचा तो आलेखच आहे. वीररस म्हणजे चढा आवाज, असं आपण धरून चालतो. इथे लतादीदी आवाज कुठेही फोडत नाहीत. जोर आहे तो शब्दांच्या फेकीत आणि चालीतल्या अवघड उड्यांमध्ये. आक्षेप आला तो बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या निवेदनावर. शिक्षिकाबाईंच्या मते ते गाण्याची लागलेली तंद्री मोडतं. काका म्हणाले, "ते नसेल तर माझ्या नातवाला काय कळणार?" दोघंही खरं बोलत होती. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला निवेदन लागतं, दहाव्यांदा ऐकणाऱ्याला ते नको असतं. 'गारवा'तलं बोलणं मात्र कवितेचाच भाग आहे. हा फरक आम्हाला दोन्ही अल्बम आधी अख्खे ऐकल्यामुळे उमगला.

सर्वात मोठं रण पेटलं ते सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांच्यावरून. २००३ साली सुरू झालेल्या 'आयुष्यावर बोलू काही'ने आपल्या पिढीला पुन्हा कवितेकडे वळवलं, याबद्दल वाद नाही. माझं मत असं, की त्यांच्या गाण्यांत शब्द मालक आहे आणि चाल बऱ्याचदा त्याची आज्ञाधारक सेवक. सभागृहात हे खपून जातं, कारण दोन गाण्यांच्या मधल्या गप्पा, कोपरखळ्या आणि हशा मिळून सगळा कार्यक्रम होतो. सीडीवर गप्पा नसतात आणि मग काही चाली विरळ वाटतात. यावर माझ्यावर चारही बाजूंनी हल्ला झाला! 'दमलेल्या बाबाची कहाणी' ऐकून न रडलेला बाप दाखवा, असं आव्हान मिळालं. नाही दाखवता येणार. उशिरापर्यंत ऑफिसात बसणारे आम्ही सगळे त्या गाण्यातलेच आहोत. पण ते रडू गाण्याने आणलं की आपल्या मनातल्या अपराधी भावनेने, हा प्रश्न उरतो. मला वाटतं, निम्मं-निम्मं. दमलेल्या माणसाच्या साध्या बोलण्याची लय त्या गाण्याने अचूक पकडली आहे, हे त्याचं श्रेय. बाकीचं रडू आपण घरून घेऊन येतो.

'कट्यार काळजात घुसली'बद्दल तर दोन तट आधीपासूनच होते. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं मूळ नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. सुबोध भावेचा चित्रपट २०१५ चा. त्यात नाटकातली काही पदं आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी. महेश काळेला त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे खाँसाहेबांसाठी गायला. काकांचा तट म्हणतो, वसंतरावांच्या तानेत जे अनपेक्षित होतं ते चित्रपटात घासून-पुसून गुळगुळीत झालं. तरुणांचा तट म्हणतो, चित्रपट नसता तर आम्ही नाट्यसंगीत कधी ऐकलंच नसतं. माझ्या मते इथे दोन निराळ्या गोष्टी एकाच तराजूत घातल्या जातात. रंगमंचावरचं पद 'वन्स मोअर' घेत वाढायचं, त्याची लांबी श्रोते ठरवायचे. चित्रपटातलं पद दृश्याच्या मिनिटांत कापून बसवावं लागतं. तेव्हा गायक कमी पडला की कात्री जास्त चालली, हे वेगळं करून ऐकायला हवं. तसं ऐकलं तर चित्रपटातले गायक मला मुळीच कमी वाटत नाहीत. मात्र ते रंगात येतात न येतात तोच गाणं संपतं, ही चुटपुट लागते.

या बैठकींची खरी किंमत मला कळली ती नववीतल्या एका मुलामुळे. आईबरोबर नाइलाजाने आलेला हा मुलगा कोपऱ्यात बसून होता. त्याला विचारलं, सध्या काय ऐकतोस? म्हणाला, 'सैराट'. २०१६ च्या या चित्रपटात अजय-अतुलची चारच गाणी आहेत आणि त्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केला होता. आमच्यापैकी एकजण म्हणाला, "करमाळ्याकडच्या शेतात एवढे व्हायोलिन कशाला?" मुलगा म्हणाला, "काका, पण त्याला आतून तेवढं मोठं वाटतंय ना." मग तो अडला. 'मोठं' हा शब्द त्याला पुरेना. कुणी 'भव्य' सुचवलं. तो म्हणाला, "भव्य म्हणजे बिल्डिंग." शेवटी शिक्षिकाबाईंनी शब्द दिला, 'उधाण'. मुलाचा चेहरा उजळला. "हां, तेच. उधाण आल्यासारखं."

मंडळी, आपल्या घरांत मराठी टिकली आहे का? टिकली आहे, पण कोणती मराठी? 'जेवायला चल', 'अभ्यास झाला का', 'आजीशी बोल'. इथल्या शाळेत मुलांना इंग्रजी, अरबी, जोडीला हिंदी. मराठी येते ती घरातल्या आज्ञांमधून आणि सणांच्या कौतुकातून. ज्या भाषेत फक्त आज्ञा आणि कौतुक असतं, तिच्यात मुलं मोठी झाल्यावर बोलतील कशाला? स्वतःचं मत मांडायला, वडीलधाऱ्यांना नम्रपणे 'मला पटत नाही' म्हणायला ती इंग्रजीकडेच वळणार. आर्त, बटबटीत, लडिवाळ, उथळ, भारदस्त, उधाण... हे शब्द पाठ करून येत नाहीत. मत मांडताना अडलं की ते हवेसे होतात आणि तेव्हाच लक्षात राहतात. गाण्यावरच्या भांडणात कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून सुरुवातीला ते फार सोयीचं!

शिवाय आपण सगळे इथे व्हिसाच्या मुदतीने राहणारी माणसं. आमच्या गटातली तीन कुटुंबं गेल्या काही वर्षांत परतली. जाताना सोफा, फ्रिज विकला. त्यांच्यापैकी एकाचं एक मत मात्र इथेच राहिलं आहे. 'अभंग तुकयाचे'मध्ये श्रीनिवास खळ्यांनी वाद्यं इतकी कमी का ठेवली, हे त्याने एकदा समजावलं होतं. लतादीदींचे ते अभंग आता लावले, की मी आधी वाद्यांमधल्या मोकळ्या जागा ऐकतो.

तेव्हा आपल्याही इमारतीत चार घरं जमवून पाहा. अल्बम अख्खा ऐका. एक गोष्ट आवडलेली आणि एक न आवडलेली सांगा, गाण्यातली नेमकी जागा दाखवून सांगा. मुलांना आधी बोलू द्या आणि त्यांच्या आवडीला नाक मुरडण्याआधी ती एकदा ऐका.

मी स्वतः सध्या देराहून इंटरनेट सिटीकडे जाताना मेट्रोत 'मला उमजलेले बालगंधर्व' ऐकतोय. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गायली, पण त्यांची नक्कल केली नाही आणि ती सुधारल्याचा आवही आणला नाही. एका मोठ्या गायकाने दुसऱ्या मोठ्या गायकाबद्दल गाऊन मांडलेलं ते मत आहे आणि मत कसं असावं ते त्याच्या नावातच आहे. 'मला' आणि 'उमजलेले'. काही पदांत मात्र कुमारांचे तुटक स्वर बालगंधर्वांच्या लडिवाळपणाला मानवत नाहीत, असं मला वाटतं. काकांना हे अजिबात मान्य नाही. येत्या शनिवारी जुंपणार आहे. या ऐकायला!