नाक मोजणाऱ्यांचा धडा

धाकट्या भावानं नाशकातल्या एका क्लासची वही वणीला आणली. रात्रपाळीहून आल्यावर चाळली. विषय : परक्या संस्कृतीच्या माणसांशी कसं बोलावं. अमेरिकन माणसाशी नजरेला नजर देऊन बोला. जपान्यापुढं वाका. काळ्या माणसाला अमुक शब्द वापरू नका. हे शेवटचं शिकवायलाच पायजे, तक्रार नाही. पण सगळी वही संपली तरी जात कुठंच नाही. भावानं विचारलं तर मास्तर म्हणाले, आपण सगळे एकाच वंशाचे, आपल्यात कसली आलीय अडचण ?

मेख इथं आहे. मास्तरच्या डोक्यात संस्कृती म्हंजे वंश, वंश म्हंजे कातडीचा रंग. हा हिशोब जुनाच. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले. त्या साहेबानं आपली नाकं मोजवली आणि नाक जितकं रुंद तितकी जात खाली, असं मांडलं. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकाचीच मापं पुढं ठेवून हा सिद्धांत मोडला. त्याआधी १९३६ साली, लाहोरला जे भाषण होऊच दिलं नाही त्यात, त्यांनी लिहून ठेवलं होतं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशानं एकच.

मग मास्तर आणि बाबासाहेब एकच बोलतात ? शब्द तेच, दोस्तहो. पण बाबासाहेबांचं म्हणणं, वंश एक, म्हंजे भिंत माणसानं बांधलीय, पाडा. मास्तर म्हणतो, वंश एक, म्हंजे भिंतच नाही. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत भारत सरकारनंही हीच पळवाट धरली : जात म्हंजे वंश नव्हे, तिची चर्चा इथं नको. आणि २०२३ मध्ये सिएटल शहरानं आपल्या भेदभावबंदीच्या कायद्यात जात हा शब्द घातला. ज्या अमेरिकेशी बोलायला क्लास शिकवतो, तिथं आपलं गाठोडं आधीच पोचलंय !

इथं वणीत सुरगाण्याकडचा कोकणा मजूर द्राक्षबागेवर येतो. त्याच्या बापाच्या वयाला मालकाचं पोर 'ए' म्हणून हाक मारतं. त्याचा धडा कोण लिहिणार ?

वहीची मागली चार पानं कोरी आहेत. भावाला म्हणलं, नाशकात खोली बघायला गेलास, आडनाव ऐकून घरमालक कसा गप झाला, ते त्यात लिही. सोमवारी मास्तरला तपासायला दे.