वेताळ, तुविक्स आणि बोरीतले प्रेक्षक

जिंतूर तालुक्यातल्या बोरी या माझ्या गावी, घराच्या ओसरीवर, गेल्या श्रावणात आम्ही दहा-बारा जणांनी ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकी मालिकेतला एक भाग पाहिला. भाच्यानं मोबाइल टीव्हीला जोडून दिला आणि मी शेजारी बसून चालू अनुवाद करत गेलो. ‘तुविक्स’ हे भागाचं नाव. ६ मे १९९६ रोजी तो अमेरिकेत प्रथम दाखवला गेला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. २०२३मध्ये ‘लोअर डेक्स’ या त्याच कुळातल्या व्यंगमालिकेनं आपल्या चौथ्या पर्वाचा पहिला भाग या वादाची थट्टा करण्यात खर्च केला, यावरून तो किती मुरला आहे याची कल्पना यावी. एका चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या गोष्टीबद्दल प्रेक्षक इतकी वर्षं दोन बाजूंना का उभे राहतात, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर अमेरिकेपेक्षा आपल्याकडच्या एका जुन्या कथाप्रकारात सापडेल, असा मला संशय होता. ओसरीवरच्या त्या दोन संध्याकाळी त्यासाठीच होत्या.

आधी कथानक. व्हॉयेजर हे यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलंय. परतायला पाऊणशे वर्षं लागतील. यानावर तुव्हॉक हा सुरक्षाप्रमुख आहे. व्हल्कन वंशाचा, भावना आवरून धरणारा, मोजकं बोलणारा. दुसरा नीलिक्स, स्वयंपाकी, अघळपघळ, सगळ्यांची विचारपूस करत फिरणारा. दोघांचं पटत नाही. एका ग्रहावरून फुलं घेऊन परतताना, माणसाला इथे विरघळवून तिथे उभं करणाऱ्या यंत्रात ते दोघे आणि एक ऑर्किड एकत्र मिसळतात. त्यांतून एकच माणूस बाहेर येतो. तो स्वतःचं नाव ‘तुविक्स’ ठेवतो. त्याला दोघांच्याही आठवणी आहेत, दोघांची कसबं आहेत. तो पहारा बघतो, स्वयंपाकही करतो आणि हळूहळू सगळ्यांना आवडू लागतो. पुढे यानाच्या डॉक्टरला दोघांना पुन्हा वेगळं करण्याची युक्ती सापडते. तुविक्स म्हणतो, मला मरायचं नाही. कॅप्टन जेनवे मात्र ठरवते की दोघांना परत आणायचं. इच्छेविरुद्ध कुणाचा जीव घेणार नाही, असं सांगून डॉक्टर नकार देतो. तेव्हा जेनवे ते काम स्वतःच्या हातानं करते, परतलेल्या दोघांचं स्वागत करते, दवाखान्यातून बाहेर पडते आणि एकटी चालत जाते. भाग संपतो.

पहिल्या संध्याकाळी आमचा भाग संपला नाही. आपण मारले जाणार हे कळल्यावर तुविक्स यानाच्या नियंत्रणकक्षात उभा राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत मदत मागतो आणि कुणीच काही बोलत नाही. नेमकी तिथेच वीज गेली, ती रात्री उशिरापर्यंत आलीच नाही. कंदील लावून लोक बसून राहिले आणि शेवट माहीत नसताना बोलू लागले. अभ्यासकाला याहून चांगली संधी मिळत नाही.

त्या अंधारात बहुतेकांचं मत जेनवेच्या बाजूनं होतं. दोन माणसं गेली आहेत, ती परत आणता येतात, मग आणायला नकोत का? गावातले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “दोघांच्या घरच्यांनी काय करावं? त्यांना एक नवा माणूस देऊन समजूत घालता का?” माझ्या भाच्यानं परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आहे. त्याला आधी शास्त्रच पटत नव्हतं. कपडेसुद्धा एकमेकांत विणले जातात, हे कुठल्या जीवशास्त्रात बसतं, हा त्याचा पहिला आक्षेप. तो रास्तच होता. मात्र त्यात पटकथाकारांनी वापरलेली सहजीवनातून नवा जीव घडण्याची कल्पना उसनी असली तरी खोटी नाही. पेशीतली मायटोकाँड्रिया ही एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होती, असा सिद्धांत लिन मार्ग्युलिस यांनी १९६७मध्ये मांडला आणि पुढे तो मान्य झाला. गंमत अशी, की आपल्या प्रत्येक पेशीत असा एकेक तुविक्स आहे आणि त्याला वेगळं काढा असं कुणी म्हणत नाही.

भाच्याचा दुसरा मुद्दा शेतकऱ्याचा होता. “नांदेड चव्वेचाळीसचं बी पेरलं की त्यातून त्याचे आई-बाप परत काढता येतात का? संकर झाला की झाला.” यावर ओसरीच्या कडेला बसलेल्या एका शेतकऱ्यानं लगेच उत्तर दिलं, “पण आई-बाप वाण शिल्लक राहतात ना बाबा. बियाणेवाल्याकडे दोन्ही उभे असतात. इथं तर दोन्ही खाऊन तिसरा उभा राहिला.” या एका वाक्यानं चर्चेचा रोख बदलला. तुविक्स हा अपत्य नाही आणि दोघांचा खुनीही नाही. त्याच्यासाठी शब्दच नाही. वाद तिथूनच सुरू होतो.

दुसऱ्या संध्याकाळी शेवट पाहिला आणि मतं फिरली. आदल्या दिवशी जेनवेच्या बाजूला असलेले कित्येक जण गप्प झाले. कुणी तरी पुटपुटलं, “मारायली की ती त्याला.” निर्णय बरोबर वाटणं आणि तो अमलात येताना बघणं यांत अंतर आहे, हे त्या खोलीत दिसत होतं. यात माझाही एक दोष कबूल केला पाहिजे. पहिल्या दिवशी अनुवाद करताना मी सारखं ‘वेगळं करणं’ म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा नकार आला तेव्हा ‘जीव घेणं’ हा शब्द वापरावाच लागला. मतं बदलण्यातला काही वाटा माझ्या क्रियापदाचा असणार. मूळ इंग्रजीतही पात्रं नेमकी याच दोन शब्दांभोवती भांडतात. जेनवे पहिल्या शब्दाला धरून राहते, तुविक्स दुसऱ्याला.

आता वेताळाकडे. ‘चांदोबा’ वाचून वाढलेल्या आणि १९८५मध्ये दूरदर्शनवर सागर यांची ‘विक्रम और बेताल’ पाहिलेल्या पिढीला या कथाप्रकाराचा नियम तोंडपाठ आहे. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी पेच टाकतो. राजाला उत्तर माहीत असून तो गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होतील. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकातल्या काश्मिरात रचलेल्या ग्रंथात, यातली सहावी गोष्ट आपल्या कामाची आहे. नवरा आणि भाऊ देवीपुढे आपापलं डोकं उडवतात. देवी प्रसन्न होते आणि बाईला सांगते, डोकी धडांना जोड, ते जिवंत होतील. घाईत तिच्या हातून डोकी बदलतात. आता नवरा कोणता? विक्रम सांगतो, ज्याला नवऱ्याचं डोकं आहे तो, कारण सगळ्या अवयवांत डोकं श्रेष्ठ.

हीच कथा टॉमस मान यांनी १९४०मध्ये जर्मन भाषेत नव्यानं लिहिली. त्यांनी भावाऐवजी मित्र आणला. पुढे गिरीश कार्नाडांनी तिच्यावरून ‘हयवदन’ लिहिलं, जे विजया मेहता यांनी मराठी रंगभूमीवर आणलं. कार्नाडांना विक्रमाचं उत्तर मान्य नाही. त्यांच्या नाटकात डोकी हळूहळू शरीराला आपल्या वळणावर नेतात, पण त्यातून कुणाचं समाधान होत नाही. शेवटी दोघे मित्र एकमेकांना मारतात आणि पद्मिनी सती जाते. (विज्ञान मालिकांच्या इतिहासात कार्नाडांचं नाव दुसऱ्याही कारणानं येतं. दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञान कार्यक्रमातून त्यांनीच आमच्याकडे विज्ञान घरोघरी नेलं.)

‘तुविक्स’ ही वेताळाचीच गोष्ट आहे. रचना तंतोतंत तीच. दोन शरीरं, एक अपघात, एक स्त्री जिचं दोघांशीही नातं आहे आणि शेवटी न्यायाचा प्रश्न. ही स्त्री म्हणजे केस नावाची तरुणी. नीलिक्स तिचा प्रियकर, तुव्हॉक तिचा गुरू. तुविक्सला तिच्याबद्दल दोघांच्याही भावना आहेत आणि तिला त्याच्या तोंडावर दोघांचाही अभाव दिसतो. फरक एवढाच, की इथे विक्रम नाही. कुणी निवाडा बोलून दाखवत नाही. जेनवे उत्तर देत नाही, ती कृती करते. वेताळाच्या नियमाप्रमाणे हा गुन्हा आहे: तिला उत्तर माहीत आहे आणि ती गप्प आहे. वेताळाच्या शेवटच्या गोष्टीत राजाही गप्प राहतो, पण तो खरोखर उत्तर माहीत नसल्यामुळे, आणि वेताळ त्यावर प्रसन्न होतो. जेनवेचा शेवटचा मौन चेहरा त्या राजासारखा दिसतो, पण तिचं मौन कृतीनंतरचं आहे. केट मलग्र्यू यांनी ते काही क्षण इतके आवरून केले आहेत, की ज्याला जे पाहायचं ते तिथे सापडतं: पश्चात्ताप किंवा कर्तव्यपूर्ती. प्रेक्षक दुभंगतात ते तिथे.

तरीही हा भाग मला पूर्ण निर्दोष वाटत नाही. डाव आधीच ठरलेला आहे. तुव्हॉक आणि नीलिक्स ही मालिकेच्या नाममुद्रेतली पात्रं. पाहुणा नट टॉम राइट यांनी तुविक्स कितीही जिवंत केला (आणि त्यांनी केला, तो दोघांपेक्षाही लोभस वाटतो), तरी पुढच्या आठवड्यात टिम रस आणि ईथन फिलिप्स हवेतच. तुविक्सला मारण्याची खरी गरज यानाला नाही, मालिकेला आहे. पटकथा ही गरज जेनवेच्या अंगावर टाकते. पुढच्याच भागात जेनवे आणि तिचा सहायक एका रोगामुळे ग्रहावर मागे राहतात आणि यानाची सूत्रं हाती घेतो तो तुव्हॉक! ज्याच्यासाठी एक माणूस मेला तोच आता कॅप्टन आहे, आणि त्या माणसाचा उल्लेख कुठेही नाही. वेताळानं निदान प्रेत पुन्हा झाडावर लटकावलं असतं.

दुसरा आक्षेप न्यायप्रक्रियेचा. सन २०००मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे जोडलेल्या जुळ्या बहिणींचं प्रकरण आलं. वेगळं केलं तर एक नक्की मरणार, नाही केलं तर कालांतरानं दोघीही. आईवडिलांचा शस्त्रक्रियेला विरोध होता. न्यायाधीशांनी परवानगी दिली, पण त्याआधी लांबलचक कारणमीमांसा लिहिली, जी आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. व्हॉयेजरवर न्यायालय नाही, वकील नाही, लेखी निवाडा नाही. आमचे पोस्टमास्तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, “कारण लिहून दिलं असतं तर मी बाईंच्या बाजूनंच राहिलो असतो.” डाकखात्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाचं हे मत मला हसण्यावारी नेता आलं नाही.

आपल्याकडे विज्ञानकथेची चर्चा बहुधा ‘यातलं विज्ञान बरोबर आहे का’ इथेच अडते. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं पाठवली, तेव्हा तिच्याकडे एका शास्त्रज्ञाचं काम म्हणून न पाहता कथा म्हणून पाहिलं जावं, हे त्यातून आपोआप साधलं. ओसरीवरही तसंच झालं. कपड्यांचं शास्त्र पहिल्या अर्ध्या तासात संपलं. नंतर कुणालाही त्याची आठवण राहिली नाही.

दोन्ही दिवस एक काकू दाराशी बसून होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सगळे जेनवेला दूषणं देत असताना त्या म्हणाल्या, “मला विचारलं असतं तर मीच बटण दाबलं असतं. पाप लागलं असतं, तरी दाबलं असतं.” त्यावर कुणी काही बोललं नाही. माझ्या सगळ्या वेताळ-सिद्धांताला केसच्या बाजूनं कुणी उत्तर देईल, हे मी गृहीतच धरलं नव्हतं. मी सबंध वेळ न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून भाग पाहत होतो. काकू वाट बघणाऱ्याच्या जागी बसून पाहत होत्या. भागात केस कॅप्टनपुढे रडते, नीलिक्स परत हवा म्हणते. टिपणं काढताना तो प्रसंग मी एका ओळीत उरकला होता. आता पुन्हा पाहिला तर कळतं, की जेनवेचा निर्णय तिथूनच वळतो.

जाताना काकू उंबऱ्यावर थांबल्या. “भाऊ, एक सांगा. ते दोघं परत आले, तर आपण एक होतो ते त्यांना आठवतं का?”

भागात याचं उत्तर नाही, असं मी त्यांना सांगितलं.