अभिजात चित्रपटांचे मूळ रंग आणि संग्रहप्रत : ‘पिंजरा’च्या संदर्भात

प्रस्तावना :
चित्रपटातील रंग हा केवळ शोभेचा भाग नसून आशयाचा घटक असतो. त्यामुळे कथा, संवाद आणि गाणी टिकली म्हणजे चित्रपट टिकला, असे म्हणता येत नाही. मराठीत हा प्रश्न व्ही. शांताराम यांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. प्रभातच्या ‘सैरंध्री’ (१९३३) या चित्रपटावर जर्मनीत रंगप्रक्रिया करण्यात आली. परंतु अपेक्षित रंग उतरले नाहीत. पुढे ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) व ‘नवरंग’ (१९५९) यांमध्ये त्यांनी रंगाला नृत्याच्या बरोबरीचे स्थान दिले.

विवेचन :
‘पिंजरा’ (१९७२) मध्ये आदर्शवादी मास्तरांचा पांढरा वेश आणि तमाशाच्या फडातील भडक लुगडी यांच्या विरोधातून नैतिक संघर्ष दृश्यरूप घेतो. हा विरोध पुसट झाला, तर मास्तरांच्या अधःपाताची तीव्रताही कमी होते. ईस्टमनकलर पद्धतीच्या त्या काळातील प्रतींमध्ये निळसर सायन रंगद्रव्य प्रथम विटते आणि संपूर्ण दृश्य तांबूस दिसू लागते. पांढरे धोतरही मग पांढरे राहत नाही. उष्णता व आर्द्रता यांमुळे ही प्रक्रिया वेगाने घडते. मालवणसारख्या किनारपट्टीच्या हवेत अशी फीत साध्या खोलीत ठेवणे म्हणजे तिचा ऱ्हास ओढवून घेणेच होय.

‘पिंजरा’ २०१६ मध्ये डिजिटल रूपात पुन्हा प्रदर्शित झाला. अशा पुनरुज्जीवनामुळे नव्या पिढीला जुनी कलाकृती मोठ्या पडद्यावर पाहता येते, हे स्वागतार्हच आहे. तथापि, संगणकावर रंग हवे तितके गडद करता येतात. मूळ प्रमाण कोणते, हे ठरविणारा आधार नसेल, तर आजची अभिरुची कालच्या कृतीवर लादली जाण्याचा धोका संभवतो. हा आधार संग्रहप्रत देते. मात्र विटलेली प्रत हीदेखील निर्विवाद साक्ष नव्हे. तिच्या जोडीला मूळ निगेटिव्ह, छपाईच्या वेळच्या प्रकाशमात्रांच्या नोंदी आणि छायालेखकाची साक्ष तपासावी लागते. तिन्ही रंगांच्या स्वतंत्र कृष्णधवल प्रती काढून ठेवणे हा अधिक टिकाऊ उपाय होय. कारण त्यांतील प्रतिमा चांदीची असते, रंगद्रव्याची नसते.

निष्कर्ष :
पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने या वारशाचा मोठा भाग सांभाळला. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला लागलेल्या आगीत प्रभातच्या फितीही जळाल्या. आगीची हानी तत्काळ दिसते. रंगाचा ऱ्हास मात्र बंद डब्यात निमूटपणे चालू राहतो. म्हणून डिजिटल प्रत तयार झाल्यावरही मूळ फीत थंड व कोरड्या कोठारात जपणे आणि पुनरुज्जीवनात कोणता रंग कोणत्या आधारे ठरविला, याची नोंद प्रसिद्ध करणे आवश्यक ठरते. अशा नोंदीअभावी समीक्षक ‘पिंजरा’च्या रंगयोजनेविषयी बोलतो, तेव्हा तो शांतारामांच्या रंगांविषयी बोलतो की संगणकतंत्रज्ञाच्या, हे सांगणे अशक्य होईल.