ब्लॅक सॅबथ
हेवी मेटल ह्या रॉक संगीतप्रकाराचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे ब्रिटिश वाद्यवृंद-पथक. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन ह्या कामगारवस्तीत १९६८ मध्ये स्थापन. टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस गिटार), बिल वॉर्ड (तालवाद्ये) व ऑझी ऑझबर्न (गायक, १९४८–२०२५) हे मूळ सभासद. आरंभी ते अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताच्या वळणाची गीते सादर करीत.

पथकाच्या नादाला एका अपघाताची पार्श्वभूमी आहे. पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता. प्लॅस्टिकची टोपणे बोटांवर चढवून व हलक्या तारा लावून त्याने वादन चालू ठेवले. पुढे त्याने तारा सैल करून स्वरही उतरविला. मास्टर ऑफ रिॲलिटी (१९७१) मधील काही गीतांत तो तीन अर्धस्वरांनी खाली आहे.

ब्लॅक सॅबथ (१९७०) ही पहिली ध्वनिमुद्रिका मुख्यतः एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. तिच्या शीर्षकगीताची मूळ स्वराकृती षड्ज, तार षड्ज व तीव्र मध्यम एवढ्यावरच उभी आहे. यमनात प्रसन्न वाटणारा हा मध्यम येथे शेजारच्या स्वरांचा आधार नसल्याने भयसूचक होतो. समकालीन समीक्षकांपैकी अनेकांनी ह्या संगीताला निव्वळ गोंगाट ठरविले. तथापि वॉर्डच्या वादनातील जॅझचा झोका व बटलरने ताणलेले स्वर ऐकता, हा संथ, जड केलेला ब्लूजच होय, हे ध्यानात येते.

व्हॉल्यूम ४ (१९७२) मध्ये पियानो, तर सॅबथ ब्लडी सॅबथ (१९७३) मध्ये तंतुवाद्यवृंद व सिंथेसायझर आले. येथवर ही भर पेलली गेली. नेव्हर से डाय! (१९७८) मध्ये मात्र ती विस्कळीत वाटते. १९७९ मध्ये ऑझबर्नला काढण्यात आले. त्याचा आवाज बहुधा गिटारच्याच स्वराकृतीमागून जाई. हेवन अँड हेल (१९८०) मध्ये रॉनी जेम्स डिओ स्वतंत्र चाल गातो व गिटार तिला साथ देते. रचना भरदार झाली, पण ब्लूजचा अंश क्षीण झाला. तो १३ (२०१३) मधील ‘डॅमेज्ड सोल’ ह्या हार्मोनिकायुक्त गीतात पुन्हा आढळतो. मात्र ह्या ध्वनिमुद्रिकेत वॉर्ड नाही व त्याच्या तालाची लवचिकता जाणवण्याइतकी उणी आहे. चौघांचा अखेरचा कार्यक्रम ॲस्टनमध्येच ५ जुलै २०२५ रोजी झाला. २२ जुलै रोजी ऑझबर्नचे निधन झाले.